एलिझाबेथची कमलाबाई झाली आणि भारताला ऑक्युपेशनल थेरपी मिळाली

तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की बोईसरच्या रस्त्यांवर बाईक, रिक्षा, टेम्पो आणि सायकलींची एकच झुंबड उडते. थोडं पूर्वेला गेलं की मनोर-चारोटीच्या पट्ट्यात मुंबई-अहमदाबाद हायवे. कारखान्यात शिडीवरून पडणं, हायवेवर हेल्मेटशिवाय आपटणं, अंगावर काहीतरी कोसळणं. डोक्याला मार लागायला इथे कारणांची कमी नाही.

त्यानंतर काय होतं ते आपल्याला माहीत असतं. अँब्युलन्स, सीटी स्कॅन, गरज पडली तर मुंबईकडे धाव, ऑपरेशन, आयसीयूच्या बाहेरचे ते दिवस. माणूस वाचला, घरी आला, लोक भेटून गेले. बातमी इथे संपते.

घरात मात्र खरी गोष्ट इथून सुरू होते. माणूस चालतो, बोलतो, जेवतो. पण दात घासायचे आहेत हे रोज सकाळी कुणीतरी सांगावं लागतं. चहा ठेवतो आणि गॅस चालू आहे हे विसरून जातो. पाच मिनिटांपूर्वी विचारलेलं पुन्हा विचारतो. पूर्वी शांत असलेला माणूस भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो. दोन पाहुणे आले, टीव्ही चालू असला की थकून झोपायला जातो. टाके भरलेत, केस वाढलेत, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तो धडधाकट दिसतो आणि शेजारीपाजारी त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. बायको कामावर गेली तर त्याच्याकडे बघणार कोण आणि नाही गेली तर घर चालणार कसं, हा वेगळाच पेच.

थोडक्यात प्रश्न एवढाच असतो की या माणसाने सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच करायचं काय?

हा प्रश्न उपचाराचाच भाग आहे असं मानणारी एक अख्खी विद्याशाखा जगात आहे. ती शिकवणारी भारतातली पहिली शाळा मुंबईत परळला उघडली आणि ती उघडणाऱ्या बाईंचं नाव होतं कमलाबाई निंबकर. फलटणकडच्या लोकांना हे नाव एका शाळेच्या पाटीवरून माहीत असेल. पण त्या शाळेच्या आधीची ही गोष्ट आहे.

कमलाबाईंचा जन्म 1900 सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माउंट हॉली नावाच्या गावातला. तेव्हाचं नाव एलिझाबेथ लंडी. घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिश्चन धर्मातला एक छोटा पंथ. साधी राहणी, युद्धाला विरोध, गुलामगिरीला विरोध. गुलामगिरीविरुद्ध गावोगाव फिरून लोकांची मनं वळवणारा अठराव्या शतकातला जॉन वुलमन याच माउंट हॉलीत शिवणकाम करायचा.

या पंथाची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ज्या काळात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवायचे, त्या काळात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात क्वेकर मंडळींनी 1796 मध्ये एक वेगळं रुग्णालय उघडलं. तिथे साखळ्या नव्हत्या. बागकाम होतं, शिवणकाम होतं, जेवायची आणि झोपायची ठरलेली वेळ होती. दिवसाला आकार मिळाला की माणूस सावरतो, असा त्यामागचा विचार. हाच प्रयोग पुढे 1817 मध्ये फिलाडेल्फियाच्या जवळ सुरू झाला. माउंट हॉली ते फिलाडेल्फिया हे अंतर बोईसर ते डहाणूपेक्षा फार जास्त नाही. म्हणजे एलिझाबेथ लंडीने पुढे जे काम केलं, त्याचं मूळ तिच्या घराच्या आसपासच होतं.

1930 मध्ये ती भारतात आली. विष्णू निंबकरांशी लग्न झालं आणि कमला हे नाव घेतलं. साल लक्षात घ्या. देशात मिठाचा सत्याग्रह पेटलेला आहे, गोऱ्या कातडीच्या माणसाबद्दल लोकांच्या मनात राग आहे आणि ही बाई मराठी घरात सून म्हणून येते. पुढच्याच वर्षी मुलगा झाला, बनबिहारी. संसार मुंबईत रुळला.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या सिनेमाला शोभेल अशी आहे. पण कमलाबाईंच्या आयुष्यातलं मोठं काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झालं. चाळिशी उलटून गेल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाच्या स्कूल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीत त्यांनी प्रवेश घेतला.

आता ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय? मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात आणि या शब्दाने घोळच जास्त होतो. व्यवसाय म्हटलं की आपल्याला दुकान, धंदा, नोकरी आठवते. त्यामुळे पेशंटला काहीतरी उद्योग लावून देणं म्हणजे ही थेरपी, असा समज होतो. इथे ऑक्युपेशनचा अर्थ आहे माणूस ज्यात आपला दिवस घालवतो ते सगळं. आंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, नातवाला शाळेत सोडणं, भजनाला जाणं, पत्ते खेळणं. आजारामुळे किंवा इजेमुळे यातलं काय काय निसटलंय हे बघायचं आणि ते परत मिळवून द्यायचं. परत मिळणारच नसेल तर त्याला पर्यायी रस्ता काढायचा.

अमेरिकेत या शाखेची संघटना 1917 मध्ये स्थापन झाली. स्थापना करणाऱ्यांमध्ये जॉर्ज बार्टन नावाचा एक आर्किटेक्ट होता. त्याला क्षयरोग झालेला, पायाचा भाग कापावा लागलेला आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडलेली. घरी बसून तो बागकाम आणि सुतारकाम करायला लागला आणि त्यातून स्वतःच सावरला. मग 1914 मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी एक घर उघडलं, जिथे बरे होत असलेले लोक येऊन काम करत करत ताकद परत मिळवायचे. पाठोपाठ पहिलं महायुद्ध आलं, जखमी सैनिकांची रांग लागली आणि या कामासाठी प्रशिक्षित माणसं हवीत हे सरकारच्या लक्षात आलं. फिलाडेल्फियाची शाळा त्याच धामधुमीत, 1918 मध्ये सुरू झाली.

कमलाबाई तिथून शिकून मुंबईत परतल्या तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झालेला होता. दवाखान्यांची गरज होती, डॉक्टरांची होती, औषधांची होती. अशा वेळी पेशंटला शर्टाची बटणं लावायला शिकवणारी माणसं तयार करायची आहेत, असं सांगणं कुणालाही चैनीचं वाटलं असतं. तरी 1950 मध्ये परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली.

जागाही नेमकी होती. केईएम म्हणजे 1926 पासून चालत आलेलं महापालिकेचं हॉस्पिटल आणि आजूबाजूला गिरणगाव. यंत्रात हात सापडलेले, पडलेले, भाजलेले कामगार इथेच यायचे. त्यांना वाचवणारे डॉक्टर होतेच, पण त्यांना पुन्हा घराच्या आणि कामाच्या रोजच्या धबडग्यात उभं करायचं हे कुणाच्याच यादीत नव्हतं. त्याच सुमाराला मुंबईत फातिमा इस्माईल पोलिओ झालेल्या मुलांसाठी काम उभं करत होत्या, त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही पोलिओ झाला होता. म्हणजे पुनर्वसन हा शब्द शहरात हळूहळू ऐकू यायला लागला होता. कमलाबाईंनी त्या शब्दामागे शिकलेली माणसं उभी करायला घेतली.

ही माणसं नेमकं काय शिकतात? चहाचंच उदाहरण घेऊ.

आपल्याला चहा करणं हे एक काम वाटतं. थेरपिस्टला त्यात पंधरा-वीस कामं दिसतात. पातेलं कुठे आहे ते आठवणं. दोघांचा की चौघांचा, त्यावरून पाणी मोजणं. आधी पाणी की आधी गॅस, हा क्रम. उकळी येईपर्यंत तिथून न हलणं. साखर टाकली की टाकायची आहे हे ध्यानात ठेवणं. दूध वर येताना पटकन हात पुढे करणं. गाळताना एका हाताने पातेलं आणि दुसऱ्याने गाळणी सांभाळणं. शेवटी गॅस बंद करणं.

मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे कपाळामागच्या भागाला मार लागला की बऱ्याचदा हा क्रमच विस्कटतो. हाताला ताकद असते, चहा कसा करतात हे तोंडी सांगताही येतं, पण उठून सुरुवात करता येत नाही. बाजूच्या भागाला इजा झाली तर मघाशी साखर टाकली हेच आठवत नाही. काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही, ताटातल्या डाव्या बाजूची पोळी तशीच राहते. तीन माणसं चहा करू शकत नसतील तर तिघांची कारणं तीन असतात आणि तिघांवरचा उपायही वेगळा. एकाला ओट्यासमोर चित्रांची पट्टी लावून द्यायची, दुसऱ्याला गॅससाठी घड्याळाचा गजर, तिसऱ्याला मान वळवून डावीकडे बघायची सवय. सुरुवातीला थेरपिस्ट प्रत्येक पायरीला सोबत असतो, मग एकेक पायरी सोडून देत मागे सरकतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात आठवडे जातात, महिने जातात. आणि एक अडचण कायम राहते. हॉस्पिटलच्या खोलीत शिकलेला चहा घरच्या ओट्यावर जमेलच असं नाही. मेंदूला इजा झालेल्या बऱ्याच जणांना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसरीकडे वापरता येत नाही. म्हणून हे शिकणं जितकं त्याच्या घराजवळ, त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या वस्तूंनी होईल तितकं टिकतं. सातपाटीच्या माणसाला जाळं विणायला द्यावं, मण्यांची माळ नको. जव्हारकडच्या बाईच्या हातात मोगरा आणि दोरा द्यावा.

इथे थोडं विषयांतर करून फिनिअस गेजची गोष्ट सांगायला हवी. 1848 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि साडेतीन फूट लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. गेज वाचला. पण त्याचा स्वभाव इतका बदलला की कंपनीने त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा इथेच थांबते आणि गेज कायमचा बिघडलेला माणूस म्हणून लक्षात राहतो.

खरी मजा पुढे आहे. गेज चिलीला गेला आणि तिथे जवळपास सात वर्षं घोडागाडी हाकायच्या कामात होता. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, प्रवासी आणि सामान चढवायचं, ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या वेळी पोचायचं. चिलीत त्याला पाहिलेल्या एका डॉक्टरने तो व्यवस्थित असल्याचं नोंदवून ठेवलंय. गेजवर वर्षानुवर्षं संशोधन करणाऱ्या माल्कम मॅकमिलन यांचं म्हणणं असं की रोजच्या त्या बांधलेल्या दिनक्रमानेच गेज सावरला असावा. म्हणजे त्याला नकळत डे सेंटर मिळालं होतं, फक्त ते चाकांवर होतं. 1860 मध्ये फिट्स येऊन तो गेला, वय 36.

तर पुन्हा कमलाबाईंकडे. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही. 1952 मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या पंगतीत भारतही होता. स्वतंत्र होऊन पाच वर्षं झालेला देश, हातात बोटांवर मोजण्याएवढे थेरपिस्ट आणि जागतिक संस्थेत संस्थापक म्हणून खुर्ची! 1958 मध्ये नागपुरातही शाळा सुरू झाली. आशियातल्या पुनर्वसनाच्या कामावर त्यांनी इंग्रजीत एक नियतकालिकही चालवलं.

मुलगा बनबिहारी तोवर फलटणला शेतीत रमला होता. तिथली निंबकर कृषी संशोधन संस्था त्यांचीच, 1968 ची. सून जाई निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी आणि स्वतः लेखिका. घरातली माणसं एकेका पुस्तकाचा विषय आहेत, पण ते पुन्हा कधीतरी.

कमलाबाई 1979 मध्ये गेल्या. योगायोग असा की त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हेडवे ही संस्था सुरू झाली. मेंदूला इजा झालेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी गावोगाव केंद्रं, जिथे माणूस सकाळी येतो, स्वयंपाकात हात लावतो, बागेत काम करतो, गप्पा मारतो, संध्याकाळी घरी जातो. त्याच्या थोडं आधी इस्रायलमध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी आणि मग न्यूयॉर्कमध्ये असेच दिवसभराचे कार्यक्रम सुरू झाले होते. कमलाबाईंनी ज्या विद्येची शाळा परळला काढली, तीच विद्या हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर, वस्तीत जाऊन पोचली होती.

आपल्याकडे ती वस्तीपर्यंत कितपत आली? इथे कायद्याचा एक मोठा खड्डा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं मोजलेली आहेत. त्यात डोक्याला मार लागून झालेल्या मेंदूच्या इजेचं वेगळं नाव नाही. मार लागून हातपाय लुळे पडले, नजर गेली तर त्या त्या प्रकाराखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. पण नुसतं विसरणं, चिडणं, काही सुरूच न करता येणं, लवकर थकणं हे कोणत्या रकान्यात बसवायचं?

कामगारांच्या नुकसानभरपाईचा मूळ कायदा तर 1923 चा होता. त्याच्या परिशिष्टात कुठलं बोट कुठपर्यंत तुटलं तर कमाईची क्षमता किती टक्के गेली, याचा तक्ता होता. अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के. तक्त्यात मेंदूची ओळच नव्हती, तिथे डॉक्टरने तपासून टक्का ठरवायचा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा टक्का किती लागेल, हे तपासणारा काय विचारतो यावर अवलंबून. नाव, गाव, आज कोणता वार एवढंच विचारलं तर पेशंट पास होतो. दिवसभर त्याच्यासोबत घालवला तर चित्र वेगळं दिसतं.

खरं तर घराजवळ जाऊन शिकवायची कल्पना पालघर जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. शिकवायला खडे, बिया, पानं, शिंपले. लहान मुलांसाठी या जिल्ह्याने जे करून दाखवलं, तेच चाळिशीतल्या अपघातग्रस्त माणसासाठी करायला काय लागतं? यंत्रं फार लागत नाहीत. बसायला मोठी खोली, एक ओटा, दोन-चार हत्यारं, बाग करायला तुकडाभर जमीन, एक प्रशिक्षित थेरपिस्ट आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली गावातली दोन-तीन माणसं. ठरलेली वेळ, भिंतीवर मोठ्या अक्षरात आजचा वार आणि आजची कामं. घरच्या बाईला त्या पाच-सहा तासांत कामावर जाता येतं, हा फायदा हिशेबात क्वचितच धरला जातो. पालघर वेगळा जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. कारखाने, बंदरं, महामार्ग यांचे आराखडे तेव्हापासून होतच आहेत. त्यात अशा एका खोलीसाठी जागा निघायला हरकत नसावी.

कमलाबाईंचं नाव आज दोन ठिकाणी हमखास ऐकू येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या संघटनेत त्यांच्या नावाची ट्रॉफी चांगल्या संशोधनासाठी दिली जाते. दुसरं ठिकाण फलटण. मॅक्सिन बर्नसन, म्हणजे अमेरिकेतून येऊन मराठीत रुजलेल्या आणखी एक बाई, यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने 1986 मध्ये काढलेल्या शाळेचं नाव कमला निंबकर बालभवन आहे.

आणि परळची ती शाळा अजून चालू आहे. बोईसरच्या माणसाला ऑक्युपेशनल थेरपी हवी असेल तर केईएम आहे, हाजीअलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. त्यासाठी डहाणूकडून येणारी लोकल पकडून दादर गाठायचं, म्हणजे एका बाजूचे दोन तासांच्या घरात. गर्दी, गोंगाट आणि थकवा या तीन गोष्टी मेंदूला इजा झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतात आणि या प्रवासात तिन्ही भरपूर असतात. सोबत घरचं कुणीतरी येतं, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तासाभराची थेरपी आटपून दोघं परत निघतात. विरारच्या पुढे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली की प्लॅटफॉर्मवर पुढचीची वाट बघत बसायचं.